शस्त्रागाराबरोबर प्रयोगशाळाही सांभाळा!

शस्त्राने राष्ट्र सुरक्षित राखले म्हणजेच तेथे शास्त्राची चर्चा चालू शकते, असे आपल्या पूर्वजांचे एक वचन आहे. आणि ते खोटे आहे असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु या वचनाचा एक सोयीस्कर अर्थ आपल्या राज्यकर्त्यांनी, आणि खरे सांगावयाचे तर समाजानेही, लावून घेतला आहे. तो असा की, जोवर शस्त्रांचा खणखणाट चालू आहे तोवर शास्त्राने मुकाट्याने कोपऱ्यात बसावे. युद्ध संपले, तिजोरीत पुन्हा चार पैसे जमले, म्हणजे मग त्याला हाक मारू. हा अर्थ आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. युद्धाच्या दिवसांत प्रयोगशाळेचे दार लोटून घेणारे राष्ट्र पुढच्या युद्धात, आणि त्याहूनही अधिक पुढच्या शांततेत, परावलंबी होते, ही गोष्ट इतिहासाने पुन्हापुन्हा दाखवून दिलेली आहे.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण उघड आहे. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात ७ ते १० तारखेपर्यंत जो संघर्ष पेटला, तो चार दिवसांत थांबला हे देशाचे भाग्यच. पण त्या चार दिवसांत काय काय झाले ते आठवून पाहावे. उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीस बंद झाले, सीमेलगतच्या भागांतील शाळा-महाविद्यालयांना कुलुपे लागली, परीक्षा पुढे गेल्या, वसतिगृहांतील मुलांनी मिळेल त्या गाडीने घर गाठले. हाच संघर्ष चार दिवसांऐवजी चार वर्षे चालला असता तर? युक्रेनवर २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध कोसळले तेव्हा तेही थोडक्यात आटोपेल असे म्हणणारे पंडित पुष्कळ होते. पण ते वर्षानुवर्षे लांबले. तेथील खार्किव्ह शहरातील नामांकित भौतिकशास्त्र संस्थेच्या आवारावर तोफगोळे पडले. २०२३ साली पेटलेल्या युद्धात गाझातील विद्यापीठांच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. तिकडे इस्रायलमधील संशोधक विद्यार्थी राखीव सैनिक म्हणून आघाडीवर बोलावले गेले. युद्ध कोणाचे न्याय्य आणि कोणाचे अन्याय्य हा वाद स्वतंत्र आहे. मात्र दोन्ही बाजूंची तरुण बुद्धी त्यात सारखीच होरपळते, याबद्दल वाद नाही.

येथे कोणी विचारील की, युद्धात शेतकरी, मजूर, व्यापारी सारेच भरडले जातात; मग या संशोधक मंडळींचेच एवढे कौतुक कशाला? याचे उत्तर आमच्या विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला जो वाफसा येतो, तो चारदोन दिवसांचाच असतो. त्या दिवसांत पेरणी साधली तर साधली. वाफसा उडाल्यावर घरात कितीही बियाणे असले तरी त्याचा उपयोग नसतो. संशोधकाच्या आयुष्यातही एक वाफसा असतो. पदव्युत्तर परीक्षा संपल्यापासून स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंतची ती आठदहा वर्षे. प्रस्थापित प्राध्यापकाला युद्ध त्रास देते. पण त्याचे नाव, त्याचे पद आणि त्याचा पगार त्याला सांभाळून घेतात. चोविसाव्या वर्षी अधिछात्रवृत्तीवर राबणाऱ्या मुलामुलींजवळ यांपैकी काहीच नसते. त्यांचे विद्यावेतन दोन महिने अडले तर खोलीचे भाडे थकते, सहा महिने अडले तर घरचे लोक नोकरी धरावयास सांगतात, आणि एकदा नोकरी धरली की शंभरांतले नव्वद पुन्हा प्रयोगशाळेकडे वळत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर हा खंड बहुधा कायमचाच ठरतो. यात कोणतीही इमारत कोसळलेली दिसत नाही, वर्तमानपत्रांत छायाचित्र येत नाही. म्हणूनच ही हानी कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

शास्त्राचा धागा किती लांब आणि किती नाजूक असतो हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जावे. दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर, गोमुखाची अखंड धार, सरोवराच्या काठावरची कमळजादेवी, लवणासुराची पुराणकथा आणि पाण्यातून निघणारी खाऱ्याची पापडी यांमुळे हे स्थान शतकानुशतके लोकांच्या परिचयाचे आहे. ‘आइन-इ-अकबरी’तही त्याची नोंद आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोलीचे हे वाटोळे विवर आधुनिक शास्त्राच्या दप्तरात आले ते १८२३ साली, सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नोंदीमुळे. पण हे विवर झाले कसे? येथे कधी काळी ज्वालामुखी होता की जमीन खचली की आकाशातून काही येऊन आदळले? या एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीडशे वर्षे लागली!

त्या दीडशे वर्षांतील वाटचाल पाहण्यासारखी आहे. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने अॅरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य असल्याचे नमूद केले. ला टूश आणि ख्रिस्ती यांनी येथील भूरचनेचा व क्षारांचा अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये नंदी आणि देव यांनी, १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. आणि अखेर २५ मे १९७३ च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांचा निबंध आला. विवराच्या तळात भोके पाडून वर काढलेल्या खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली होती. प्रचंड आघाताचा दाब बसला म्हणजे खडकातील एका खनिजाची वितळल्यावाचून अशी काच होते. ज्वालामुखीच्या उष्णतेने ती होत नाही. बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेले विवर म्हणून लोणारचे नाव जगभर झाले, ते या पुराव्यामुळे. चंद्रावरची कितीतरी विवरे बेसाल्टमध्येच असल्याने चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीनेही लोणारचे मोल वाढले.

आता या निबंधाची तारीख वाचकांनी पुन्हा एकदा पाहावी. डिसेंबर १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तीसाठी आपले सैनिक लढत असता अमेरिकेने आपल्या सातव्या आरमारातील ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली होती. दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यात किती कडवटपणा आला होता हे त्या पिढीतील लोकांना चांगले आठवत असेल. त्या घटनेला पुरती दीड वर्षेही झाली नव्हती, तोच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्था आणि तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थांतील माणसांनी मिळून केलेले लोणारचे संशोधन जगापुढे आले. सरकारे एकमेकांकडे डोळे वटारून पाहत असतानाही शास्त्रज्ञांनी हातातला धागा सोडला नाही. तो त्या वेळी तुटता, तर लोणारचे कोडे आणखी किती वर्षे तसेच पडून राहिले असते कोण जाणे!

आणि हे काम अजून संपलेले नाही. हा आघात केव्हा झाला? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. २०११ मध्ये निराळ्या पद्धतीने झालेल्या मोजणीनुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. दोहोंत दहापटींहून अधिक अंतर! ही गाठ सोडवील तो आज कोठल्या तरी महाविद्यालयात शिकत असलेला विद्यार्थीच. पण त्यासाठी लोणारच्या दगडाला परदेशीच्या प्रयोगशाळेपर्यंत आणि परदेशीच्या यंत्राला आपल्या प्रयोगशाळेपर्यंत यावे-जावे लागते. लढाई पेटली की प्रथम बंद होतात ती हीच दारे. विमाने थांबतात, प्रवासाचे परवाने अडतात, रसायने व सुटे भाग बंदरात कुजतात, नकाशे आणि उपग्रहांची चित्रे गोपनीय ठरतात. रणभूमी शेकडो कोस दूर असली तरी लोणारच्या काठावर नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष त्यामुळे वाया जाऊ शकते.

युद्धाने तरुण शास्त्रज्ञाचा बळी कसा घेतला जातो याचे सर्वांत दारुण उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्यांना त्यांचा खरा क्रम लावून दिला. आज शाळेतला मुलगाही जो अणुक्रमांक पाठ म्हणतो, त्याला पक्का आधार मिळाला तो मोझलीच्या प्रयोगांनी. हा तरुण सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणांगणात वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी गोळी लागून मरण पावला. त्याच्या देशभक्तीला आमचा प्रणाम असो. पण अशी बुद्धी खंदकात खर्ची घालणाऱ्या राज्यकर्त्यांच्या शहाणपणाला काय म्हणावे? ब्रिटनने यातून धडा घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कोणत्या व्यवसायातील माणसे आघाडीवर धाडावयाची नाहीत याची यादी तेथील सरकारने युद्धाला तोंड लागण्यापूर्वीच सिद्ध ठेवली होती. ‘पूर्वीच’ या शब्दाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो.

बंदुकीची गोळी न लागताही संशोधन कसे मरते, याचा दाखला आपल्याच देशातला आहे. कलकत्त्याचे देवेंद्रमोहन बोस आणि त्यांची तरुण विद्यार्थिनी विभा चौधुरी यांनी हिमालयाच्या उंच भागांत छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील नव्या कणांचा माग काढण्यास आरंभ केला होता. १९४१ व १९४२ साली त्यांचे निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. वाट अचूक होती. परंतु अधिक निर्णायक मोजमापासाठी ज्या उत्तम प्रतीच्या काचा हव्या होत्या त्या युद्धामुळे मिळेनाशा झाल्या आणि काम अडले. युद्धानंतर अधिक चांगल्या काचा हाती आलेल्या पॉवेल यांनी इंग्लंडात तीच पद्धत पुढे नेली, १९४७ मध्ये कणाचा शोध लावला आणि १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पॉवेल यांच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण काही डझन काचांच्या अभावी एका भारतीय तरुणीच्या हातचे यश निसटले, ही गोष्ट आपण कधी मनाला लावून घेतली आहे काय?

हे झाले हानीचे. पण त्याच महायुद्धात आपल्या देशाने एक गोष्ट बरोबर केली होती, आणि तिचे फळ आपण आजतागायत खात आहोत. १९३९ साली होमी भाभा केंब्रिजहून सुटीसाठी भारतात आले होते. युद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. त्या वेळी ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांना जागा दिली, आणि दोराबजी टाटा विश्वस्त निधीने त्यांच्या विश्वकिरण संशोधनास पैसा दिला. विक्रम साराभाई तर जेमतेम विशीतले. तेही युद्धामुळे केंब्रिज सोडून आले आणि त्याच संस्थेत रामन यांच्या देखरेखीखाली काम करू लागले. त्यांचा पहिला निबंध १९४२ चा, म्हणजे ऐन युद्धातला. युद्ध संपताच ते केंब्रिजला परतले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले.

या दोघांना त्या वेळी कोणी असे म्हणाले असते की, ‘बाबांनो, सध्या युद्ध आहे, विश्वकिरणांचे पुढे पाहू,’ तर काय झाले असते याची कल्पना करावी. मार्च १९४४ मध्ये, युद्धाचा अग्नी धगधगत असतानाच, भाभांनी टाटा निधीच्या चालकांस पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली. देशाला उद्या अणुशक्तीचे तज्ज्ञ लागतील तेव्हा ते बाहेरून आणावे लागू नयेत, घरीच तयार असावेत, हा त्यातील आशय होता. १ जून १९४५ रोजी ती संस्था सुरू झाली, आणि वर्षअखेर ती मुंबईस पेडर रोडवर आली. तिच्या उभारणीत त्या वेळच्या मुंबई सरकारचाही वाटा होता. काचांच्या अभावी जिचे काम अडले त्या विभा चौधुरींना १९४९ मध्ये याच संस्थेने आपल्यात सामावून घेतले. एका अडलेल्या तरुणाला दिलेला आसरा पुढे दुसऱ्या अडलेल्या संशोधिकेच्या उपयोगी पडला!

स्वातंत्र्यानंतरच्या काळातील एक योगायोगही येथे नोंदवावासा वाटतो. चीनने २१ नोव्हेंबर १९६२ रोजी एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. पराभवाचा तो घाव ताजा होता, तिजोरी रिकामी होती, आणि आकाशातल्या संशोधनापेक्षा बर्फावर लढणाऱ्या जवानाच्या पायांतील बूट महत्त्वाचे आहेत असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे चूक नव्हते. तरीही त्या वर्षी स्थापन झालेली अवकाश संशोधनाची समिती मोडीत काढली गेली नाही. बरोबर एका वर्षाने, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. तो उडविणारे लोक कोण होते? बहुतेक सारे पंचविशी-तिशीतले. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे त्यांत होते. त्यांचे वय तेव्हा २२ वर्षांचे. जवानाला बूट मिळावयास हवे होते आणि थुंबाला अग्निबाणही. त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी एकासाठी दुसऱ्याचा गळा घोटला नाही, म्हणून आज हवामानाचा अंदाज आणि सीमेवरील टेहळणी यांसाठी आपल्याला दुसऱ्याच्या उपग्रहाकडे हात पसरावा लागत नाही.

आम्हांला ठाऊक आहे की, या विवेचनावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो मनापासून घेतला जाईल. सीमेवर जवान रक्त सांडत असता तुम्ही विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाचे गाणे काय गाता? लोणार तालुक्याला तरी त्यागाचा अर्थ आम्ही शिकवावा असे नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे जवान हुतात्मा झाले, त्यांत याच तालुक्यातील चोरपांग्रा गावचा एक सुपुत्र होता. दुसरा याच जिल्ह्यातील मलकापूरचा. ज्या मातीने हे दिले तिच्यापुढे आमची मान लवते. पण जवानाचा सन्मान आणि संशोधकाचा सांभाळ या गोष्टी परस्परविरोधी आहेत असे मानणे हा जवानावरच अन्याय आहे. त्याच्या अंगावरचे चिलखत, त्याच्या जखमेवरचे औषध, त्याला बर्फाच्या कड्याची पूर्वसूचना देणारे यंत्र या साऱ्या वस्तू कोणत्या तरी तरुणाने कधी तरी एका कोंदट खोलीत रात्री जागवून घडविलेल्या असतात; आणि त्या घडत असताना त्यांचा उपयोग काय, हे त्या तरुणालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

म्हणून आमचे असेही स्पष्ट मत आहे की, युद्धकाळात केवळ शस्त्रोपयोगी संशोधनालाच पैसा द्यावा हा विचार वरवर व्यवहारी, पण मुळात अदूरदर्शी आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद २६ सप्टेंबर १९४२ रोजी जन्मली ती युद्धाच्या निकडीतून, हे खरे. पण तिने पुढे ज्या राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारल्या, ज्यांपैकी पुण्याची रसायन प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली, त्यांची खरी कमाई शांततेतली आहे. उलट प्रवासही होतो. युजीन शूमेकर या तरुण भूवैज्ञानिकाने नेव्हाडाच्या वाळवंटात अणुबाँबच्या चाचण्यांनी पडलेले खड्डे अभ्यासले आणि त्यांच्या आधारे अॅरिझोनाचे विवर उल्केच्या आघाताचेच, हे १९६० साली आपल्या प्रबंधात सिद्ध केले. लोणारसारख्या विवरांची भाषा जगाला वाचता येऊ लागली ती त्या काळातील अशाच कामांमुळे. ज्ञान कोठून निघून कोठे पोचेल याचा हिशेब खजिन्यातल्या कारकुनाला आगाऊ मांडता येत नसतो.

आता आपली आजची तयारी काय आहे ते पाहू. २०२०-२१ या वर्षी आपला देश एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच खर्च संशोधनावर करीत होता. शांततेच्या दिवसांतली ही गत! केंद्राच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचे मान १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये झाले, हे चांगले झाले. पण त्याच २०२३ साली आपल्या राज्यात बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले. ज्या राज्यात तोफ धडाडत नसतानाही विद्यावेतन वेळेवर मिळण्याची खात्री नाही, त्या राज्यात तोफा धडाडू लागल्यावर काय होईल?

महामारीने या गोष्टीची रंगीत तालीमच आपल्याकडून करवून घेतली होती. २०२० साली प्रयोगशाळांना टाळे लागले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करण्यास सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली. निर्णय योग्य होता. पण पुढील वर्षीच्या सूचनेत आयोगाने असेही म्हटले की, मुदत वाढली तरी अधिछात्रवृत्तीचा काळ पाच वर्षांचाच राहील. म्हणजे काम करण्यास वेळ दिला, पण त्या वेळात जगण्यास पैसा नाही! पाहुण्याला आणखी दोन दिवस राहण्याचा आग्रह करावयाचा आणि ताट मात्र वाढावयाचे नाही, अशातली ही गत झाली. त्याच २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, नमुने तपासले गेले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. सारा देश बंद असताना ही एक प्रयोगशाळा उघडी राहिली म्हणून लोकांना अफवेऐवजी उत्तर मिळाले. संकटात प्रयोगशाळा चालू ठेवण्याचा याहून साधा लाभ दुसरा कोणता?

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. पहिली ही की, युद्ध अथवा तत्सम आणीबाणी उद्भवल्यास संशोधक विद्यार्थ्यांची प्रबंधाची मुदत आणि अधिछात्रवृत्ती ही दोन्ही आपोआप तितक्या काळाने वाढतील, असा नियम केंद्राने आजच करून ठेवावा. प्रत्येकाने अर्ज घेऊन दारोदार फिरावे, हे नको. दुसरी, या विद्यावेतनासाठी वेगळा राखीव निधी असावा आणि कोणत्याही काटकसरीच्या फतव्याने त्याला हात लावता येऊ नये. तिसरी, सीमेवरील विद्यापीठे बंद पडल्यास तेथील मुलामुलींना कोणत्या प्रयोगशाळा सामावून घेतील, याची यादी शांततेतच ठरावी. बंगलोरने त्या महायुद्धाच्या काळात दोघांसाठी जे केले ते आज दोन हजारांसाठी करण्याची ऐपत आपल्या संस्थांत नक्कीच आहे. युक्रेनच्या विस्थापित संशोधकांसाठी युरोपीय संघाने २०२२ मध्ये अडीच कोटी युरोची स्वतंत्र योजना आखली, तिचा लाभ पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही खुला ठेवला. परक्या देशातल्या मुलांसाठी ते हे करू शकतात, तर आपण आपल्याच मुलांसाठी का करू नये?

चौथी मागणी माणसांइतकीच त्यांच्या ठेव्यांबद्दल आहे. सीरियातील अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्रात गहू, मसूर, हरभरा यांच्या बियाण्यांचा मोठा संग्रह होता. तेथे युद्ध आले. पण त्या बियाण्यांची दुसरी प्रत नॉर्वेतील स्वालबार येथील हिमभांडारात आधीच ठेवलेली होती, म्हणून २०१५ मध्ये ती परत मागवून नव्या जागी पुन्हा पेरता आली. ज्या जिल्ह्याच्या रब्बीचा आधारच हरभरा आहे, त्या बुलढाण्याच्या शेतकऱ्याला या दूरदृष्टीचे मोल कळेल. आपल्या प्रयोगशाळांतील नमुने, नोंदवह्या, मोजमापे यांची दुसरी प्रत सुरक्षित जागी असलीच पाहिजे. पाच वर्षांचे कष्ट एका रात्रीत राख होऊ देणे हा निष्काळजीपणाचा गुन्हा आहे.

आणि शेवटची मागणी लोणारसाठीच आहे. या स्थानाला १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारशाचा मान मिळाला, नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत गेले. मानाची पदके पुष्कळ झाली. विकासाचे आराखडे निघतात तेव्हा त्यांत रस्ते, दिवे, वाहनतळ, उपाहारगृहे यांचा विचार अगत्याने होतो. तो होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी मिळून येथे एक कायमचे, सुसज्ज निवासी अभ्यासकेंद्र चालवावे. राहण्याच्या वीस खोल्या, एक ग्रंथालय, खडकांच्या व पाण्याच्या परीक्षणाची आवश्यक तेवढी साधने. नेहमीच्या दिवसांत ते देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना खुले असावे. आणि वाईट दिवस आलेच, तर ज्यांच्या प्रयोगशाळा बंद पडल्या त्यांच्यासाठी प्रथम. लोणार सीमेपासून दूर आहे, शांत आहे, आणि येथे करण्याजोगे काम पुढील कित्येक पिढ्यांना पुरेल इतके आहे. आसरा द्यावयास याहून योग्य जागा कोणती?

युद्ध येऊ नये अशी प्रार्थना आपण सारेच करतो. पण पावसाळा येणार हे ठाऊक असलेला शेतकरी नुसती प्रार्थना करून थांबत नाही. तो मृगापूर्वी घर शाकारतो, बियाणे निवडून कणगीत भरतो, आणि भूक कितीही लागली तरी त्या कणगीला हात लावीत नाही. आपले तरुण संशोधक हे राष्ट्राचे बियाणे आहे. टंचाईत बियाणे खाऊन टाकणाऱ्या घराला पुढील हंगाम दिसत नाही, ही साधी गोष्ट आमच्या खेड्यातल्या माणसाला कळते. ती मुंबई-दिल्लीच्या सचिवालयांनाही, वेळ हातची जाण्यापूर्वी, कळावी एवढेच आमचे मागणे आहे.